राहुटीला ऊन

"यंदा नाताळच्या सुटीत आपण राहुटीत राहायचं," असं आनंदीबाईंनी जाहीर केलं तेव्हा भिकाजीपंत फणसळकर जेवत होते. आमटीभाताचा घास तोंडाजवळ गेला होता, तो तिथंच थांबला. त्यातली आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली तरी त्यांना पत्ता लागला नाही.

दोष कुणाचा म्हणाल तर त्यांचाच. भिकाजीपंत रत्नागिरीला कचेरीत कारकून होते. दरवर्षी थंडीत साहेब फिरतीवर निघाले की दौती, टाक आणि दप्तर घेऊन त्यांनाही मागोमाग जावं लागे. परत आले की ते मुलांना राहुटीतल्या गोष्टी सांगत. रात्री कोल्हे कसे अगदी कनातीशी येऊन ओरडतात, वारा सुटला की राहुटी कशी तारवासारखी डोलते, आणि एकदा तर साक्षात वाघ... इथे ते थांबत, सावकाश सुपारी कातरत, आणि मुलं श्वास रोखून पुढे सरकत. या सगळ्या गोष्टींत एकच बारीकशी उणीव होती. राहुटीत झोपत ते साहेब. भिकाजीपंत गावातल्या धर्मशाळेत, दाराला आतून कडी घालून आणि कडीला दप्तराची पेटी टेकवून झोपत, आणि तरीही कौलांवरून मांजर गेलं की उठून बसून रामरक्षा म्हणत.

आनंदीबाईंचं माहेर हेदवीचं. भरतीच्या वेळी समुद्र जिथे कातळाच्या फटीतून उसळतो त्या बामणघळीच्या काठावर उभं राहून अंगावर तुषार घेत वाढलेली ही बाई. तिला भीती म्हणजे काय ते ऐकूनच माहीत. "साहेबाची मड्डम पोरं घेऊन राहुटीत राहते," त्या म्हणाल्या, "आपल्या पोरांना काय धाड भरलीय? मालनचा खोकला हटत नाही, बाळा दिवसभर घरात धुमाकूळ घालतो. चार दिवस समुद्राची मोकळी हवा मिळेल. आणि तुम्ही आहात की बरोबर. तुम्हाला सगळी सवय."

"राहुटी काय बाजारात मिळते?" भिकाजीपंतांनी हुकमाचं पान टाकलं.

"तुमच्या कचेरीत जुनी एक पडून आहे ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

माणसाने घरी किती बोलावं याला काही धरबंद असावा, असा विचार भिकाजीपंतांनी हात धुताना केला. पण तो फार उशिरा केला.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीच्या नाझरांकडे गेले ते नकार आणायला. नाझर गंगारामपंत म्हणजे कोठीतल्या सरकारी वस्तूंचे नागोबा. कचेरीतली एक टाचणी कधी त्यांनी कुणाला सरळ दिली नव्हती. त्यांनी विनंती पुरती ऐकून घेण्याआधीच मान हलवली. "अशक्य. सरकारी राहुटी खाजगी माणसाला? भलतंच काय विचारता!"

भिकाजीपंतांना इतका आनंद झाला की त्यांनी नाझरांना नमस्कार केला. तिथंच चुकलं. वीस वर्षांत नकाराबद्दल नाझरांना कुणी नमस्कार केला नव्हता. त्यांचं मन एकदम द्रवलं.

"थांबा हो फणसळकर," ते म्हणाले. "कोठीतल्या राहुट्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवलंच पाहिजे, असा नियम आहे. ऊन कुठलं, ते नियमात नाही."

"कचेरीच्या अंगणातलं चालेल," भिकाजीपंत क्षीण आवाजात म्हणाले.

"अंगणात फणसाची सावली येते. समुद्रावरचं ऊन उत्तम. घेऊन जा. मात्र सरकारी वस्तू बाहेर निघाली की बरोबर पट्टेवाला हवा. आपला धाकू शिपाई येईल." मग नाझरांनी आवाज उतरवला. "आणि कानात सांगतो. ही राहुटी तुम्ही पोरांना मजा करायला नेलीत, असं वर कळलं, तर तुमची नोकरी जाईल आणि माझी पेन्शन. कुणी काहीही विचारलं तरी एकच शब्द. ऊन."

अशा रीतीने वाघ, साप आणि भुतं यांच्या जोडीला भिकाजीपंतांना सरकारचीही भीती वाटू लागली.

बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या आल्या त्या शेजारच्या यमुनाबाई. "अगो आनंदी, पोरं घेऊन उघड्यावर राहणार? समुद्राकाठी गिऱ्हा असतो हो. तो माणसाच्या रूपात येतो, गोड बोलतो, आणि पाण्यात ओढून नेतो. कुणी अनोळखी गोड बोलला की आधी त्याचे पाय बघ." जाता जाता त्या उंबऱ्यावरून वळल्या. "आणि फुरसं. कातळावरचं फुरसं, एवढासा साप, पण गिऱ्ह्यापेक्षा वाईट. ते गोडसुद्धा बोलत नाही."

मग आले आत्मारामतात्या. हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यात त्यांनी वाघ पाहिला तो काड्यापेटीवर, पण अधिकार असा की जणू वाघांची टपालं त्यांनीच वाटली होती. "वाघ आला तर पळायचं नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा. वाघ शरमतो."

"छे छे," परत आलेल्या यमुनाबाई दारामागून म्हणाल्या, "डोळ्याला डोळा मुळीच देऊ नये. चवताळतो. आमचे मामंजी आडवे पडून राहिले होते मेल्यासारखे."

"मग?" भिकाजीपंतांनी विचारलं.

"मग काय? पडून राहिले."

"वाचले ना?"

यमुनाबाईंनी यावर नुसता सुस्कारा सोडला आणि त्या कपडे वाळत घालायला निघून गेल्या. त्या सुस्काऱ्याचा अर्थ लावत भिकाजीपंत त्या रात्री जागे राहिले.

निघण्याच्या दिवशी पहाटे खाडीवर तरीत बसताना धाकट्या सदूने बापाची एक वहाण पाण्यात फेकली आणि टाळ्या पिटल्या. त्याला अजून बोलता येत नव्हतं. हौस मात्र दांडगी होती. पुढे बैलगाडीत राहुटीचा जास्तीचा खांब मावेना. शेवटी धाकू शिपायाने तो घोंगडीत गुंडाळून खांद्याला उभा लावला आणि लाल पट्टा, पितळी बिल्ला अशा थाटात तो गाडीच्या पुढच्या अंगाला बसला. भिकाजीपंत एका पायात वहाण घालून मागे बसले. रस्त्याने जी जी वाडी लागली तिथली माणसं उठून उभी राहून मुजरा करत होती. धाकू तो मानेने स्वीकारत होता. भिकाजीपंतांना हे बरं लक्षण वाटलं नाही, पण धाकूला खाली उतरवण्याची त्यांची छाती नव्हती.

मालगुंडच्या अलीकडे एका छोट्याशा वाडीखाली उंडीची चारपाच झाडं होती, पुढे वाळूची पुळण, आणि बाजूला डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेलं केवड्याचं बन. आनंदीबाईंना जागा पाहताक्षणी आवडली. भिकाजीपंतांना ते बन पाहताक्षणी आवडलं नाही. गाडीवान चौथ्या दिवशी सकाळी येतो म्हणून बैल वळवून गेला, आणि चाकांचा आवाज पार विरेपर्यंत भिकाजीपंत त्या वाटेकडे बघत राहिले.

राहुटी उलगडली तेव्हा तिच्यात उंदरांनी सहकुटुंब सहपरिवार संसार केल्याच्या खुणा निघाल्या. अनुभवी माणूस म्हणून ती उभारण्याचा मान अर्थातच भिकाजीपंतांकडे आला. त्यांनी वाळूत मेखा ठोकल्या. मेखा लोण्यात सुरी जावी तशा आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. तीनदा राहुटी उभी राहिली आणि तीनदा ती भिकाजीपंतांच्या अंगावर बसली. तिसऱ्या वेळी आतून त्यांचा आवाज आला, "साहेबाच्या वेळी जमीन निराळी होती!" तेव्हा आनंदीबाईंनी पदर खोचला, दोर उंडीच्या बुंध्यांना बांधले, कडांवर दगड रचले, आणि राहुटी उभी राहिली. खांब थोडा कलता होता, पण त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. मुलं आत जाऊन गडबडा लोळली. मालन तर तेवढ्यात खोकायचीही विसरली.

चुलीवर भात शिजत असताना वाडीतून माणसं खाली उतरताना दिसली. पुढे एक भरदार मिशांचा माणूस, मागे शहाळी, केळीचा घड, दुधाचा तांब्या घेतलेले लोक.

"रामराम साहेब," मिशीवाला अदबीने वाकून म्हणाला. "मी काशीराम, हिथला पोलीस पाटील. आपन आलात, लई उपकार झाले."

बोलणं फारच गोड होतं. भिकाजीपंतांनी आधी त्याचे पाय बघितले. पाय सरळ होते.

"मी काही..." त्यांनी सुरुवात केली.

"सरकारला आमी सांगून दमलाव. दोन म्हयने झाले, वाघानं वाडीत धुमाकूळ घातलाय. शेळ्या गेल्या, कुत्री गेली. परवा तर पारड्यावर पडला. सांजचा ह्या केवड्यातनंच येतो बगा, ह्या वाटेनं." पाटलाने बोट दाखवलं. बोटाच्या रेषेत राहुटीचं दार होतं. "सरकार शिकारी धाडील म्हनून वाट बगत हुताव. आपन नेमकी जागा हेरून राहुटी ठोकलीत. जानत्या मानसाची नजरच येगळी."

भिकाजीपंतांनी त्या दाराकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सोपं होतं: मी शिकारी नाही, साहेब नाही, मी कारकून, आणि पोरांना हवा खायला आणलंय. पण मग राहुटी सरकारी कशी? पट्टेवाला कसा? पाटील म्हणजे सरकारचा कान. तो उद्या कचेरीत जाणार, तिथं बोलणार, आणि मग नोकरी... तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून एकच शब्द आला.

"ऊन."

"हां, ऊन उतरल्यावरच येतो," पाटील मान डोलावत म्हणाला. "अगदी बरोबर वळखलंत."

आनंदीबाईंना मात्र सरकारची कसली पर्वा! "अहो पाटील," त्या चुलीवरून म्हणाल्या, "आम्ही कसले शिकारी? पोरांना घेऊन हवा खायला आलोय."

पाटील आणि मंडळी दिलखुलास हसली. "बाईसाहेब गमत्या हायत," पाटील म्हणाला. "गेल्या साली संगमेश्वराकडं शिकारीला गोरा साहेब आलावता, त्याची मड्डम पन असंच म्हनायची." मग त्याने घोंगडीत गुंडाळलेल्या जास्तीच्या खांबाकडे आदराने पाहिलं. तो धाकूने तसाच राहुटीला टेकवून ठेवला होता. "बंदूक लांब पल्ल्याची दिसते."

धाकूने मिशीला पीळ भरला. "सरकारी हाय," तो म्हणाला; आणि यात खोटं काहीच नव्हतं.

जाताना त्या लोकांनी एक तपकिरी करडू आणलं आणि राहुटीपासून हाकेच्या अंतरावर, केवड्याच्या तोंडाशी खुंटीला बांधलं. "आमिष," पाटील हळूच म्हणाला. "आता आमी वाडीत दारं लावून बसताव. मानसाचा वास नको. आपला बार ऐकला की वाजत गाजत येताव."

माणसं गेली. मग धाकू उठला, पट्टा नीट केला, आणि म्हणाला, "भिकाजीपंत, मी काय म्हनतो, सरकारी मालाचा बंदोबस्त हितनं नीट व्हायचा नाय. मी पाटलाच्या घरातनं नजर ठेवतो." भिकाजीपंत काही बोलायच्या आत लाल पट्टा चढणीवर दिसेनासा झाला. एवढा जड माणूस इतक्या चपळाईने डोंगर चढू शकतो, हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

सूर्य समुद्रात उतरू लागला. करडू 'ब्याँ' करून ओरडलं, आणि प्रत्येक 'ब्याँ' सरशी भिकाजीपंतांना वाटलं की हे वाघाला पत्त्यासकट आमंत्रण चाललं आहे.

"आपण वाडीत जाऊन राहू," ते म्हणाले.

"आणि शिकारी साहेब घाबरून पळाले, असं गावभर होऊ दे," आनंदीबाई म्हणाल्या. "मग चौकशी झाली म्हणजे? त्यापेक्षा मोठा जाळ करू. जाळाजवळ जनावर येत नाही. तुम्हीच एकदा सांगितलं होतंत."

भिकाजीपंतांनी ते सांगितलं होतं खरं. ते खरं आहे की नाही, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. ते सुक्या झावळ्या गोळा करू लागले. पायाखाली काही सळसळलं की ते उडी मारत; वहाण नसलेला पाय वर धरून एका पायावर उभे राहत, आणि मग लक्षात येई की फुरशाला दोन्ही पाय सारखेच.

झावळ्यांचा भारा घेऊन ते परतले तेव्हा करडाचा आवाज थांबला होता.

त्यांनी केवड्याच्या तोंडाकडे पाहिलं. खुंटी होती. दोर नव्हता. करडू नव्हतं.

"आला," ते पुटपुटले. "घेऊन गेला." भीतीच्या पोटात एक लहानसा, लाजिरवाणा सुस्कारा त्यांच्या तोंडून सुटला: चला, त्याचं जेवण झालं.

तेवढ्यात राहुटीतून मालन बाहेर आली. "आई, बाळा कुठाय?"

"तुझ्याजवळ होता ना आत?"

"नाही. तो करडाशी बोलत होता. म्हणाला, याला वाघ खाणार, याला याच्या आईकडे पोचवून येतो."

आनंदीबाईंच्या हातातली पळी खाली पडली. कधीही न घाबरणाऱ्या त्या बाईचा चेहरा भिकाजीपंतांनी पाहिला, आणि त्यांना आजवर वाटलेल्या सगळ्या भीत्या एकदम पोरकट वाटल्या. मांजराची, सापाची, गिऱ्ह्याची, नाझराची. त्या सगळ्या भीत्या म्हणजे नुसती उजळणी होती. खरी भीती ही. तिला आवाज नव्हता. पाच वर्षांचं पोर, ज्याला अजून नाडी बांधता येत नव्हती, ते वाघाचं आमिष दोरीला धरून वाघाच्या वाटेने चाललं होतं.

आनंदीबाई उठू पाहत होत्या, पण मांडीवर सदू झोपला होता आणि मालन गळ्यात पडली होती. "मी जाते... मला सोड गो मालू..."

"तू बस," भिकाजीपंत म्हणाले. "मोठा जाळ पेटव आणि पोरांना त्याच्यापासून हलवू नको." आणि ते गेले.

जाताना त्यांनी हाताला लागेल ते उचललं. ती होती घोंगडीत गुंडाळलेली सरकारी बंदूक, म्हणजे राहुटीचा जास्तीचा खांब.

केवड्याच्या बनातून वर वाडीकडे जाणारी वाट चिंचोळी होती. आकाशात अजून तांबूस उजेड होता, पण खाली काळोख साचू लागला होता. केवड्याची काटेरी पानं धोतराला धरत होती. सोडवत बसायला वेळ नव्हता म्हणून धोतराचा सोगा त्यांनी तिथंच फाडून ठेवला. "बाळा!" ते हाका मारत पुढे जात होते. वाटेत एके ठिकाणी वाळूत इवलीशी पावलं दिसली, आणि शेजारी करडाचे खूर. पुढे कातळ लागला आणि पावलं संपली.

मग वास आला. उग्र, ओलसर, कोंदट.

वाट जिथे वळत होती तिथे कातळाच्या कडेवर तो बसला होता. कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि तो समोर आल्यावर त्या दोघांतला फरक काढत बसण्याची सवड कुणाला नसते. त्याची शेपटी हळूहळू हलत होती. तो भिकाजीपंतांकडे बघत होता, एखाद्या कंटाळलेल्या माणसाने रांगेत पुढच्याकडे बघावं तसा.

डोळ्याला डोळा भिडवावा की न भिडवावा? आडवं पडावं काय? ही मतं भिकाजीपंतांच्या डोक्यात क्षणभर एकमेकांवर आपटली आणि विझली. उरलं एवढंच की पलीकडे बाळा असेल, आणि हा मधे बसला आहे. हातातला खांब असा थरथरत होता की घोंगडी सुटून खाली पडली. ओरडायला तर हवं होतं. काय ओरडायचं ते सुचेना. तेव्हा जिभेने डोक्याला न विचारताच काम हाती घेतलं. वीस वर्षं कचेरीच्या खिडकीतून रोज जे बाहेर पडत आलं होतं, तेच सगळ्या ताकदीनिशी बाहेर पडलं.

"आज काही व्हायचं नाही! साहेब फिरतीवर आहेत! उद्या या! उद्या या म्हणतो ना! चला, निघा!"

कातळ घुमला. केवड्यातून पाखरं फडफडत उठली. वाघाने कान मागे पाडले. तो उठून उभा राहिला, आणि भिकाजीपंतांना वाटलं, झालं. पण सगळे अर्जदार शेवटी ज्या चेहऱ्याने वळतात, तसाच चेहरा करून तो वळला. एक झेप, केवड्याची खसखस, आणि तो उताराला लागून नाहीसा झाला.

भिकाजीपंत पळत सुटले. वाडीच्या पहिल्याच झोपडीत दिव्याचा उजेड होता. दार अर्धवट उघडं होतं. आत चुलीपाशी एक म्हातारी तांदळाची भाकरी थापत होती, आणि तिच्यासमोर पाटावर बसून बाळा जेवत होता. शेजारी तपकिरी करडू आईच्या सडाला लुचत होतं.

एरवी अशा वेळी भिकाजीपंतांना सोवळंओवळं, आळी, यमुनाबाई, सगळं आठवलं असतं. आज त्यांना फक्त पोराचे भरलेले, हलणारे गाल दिसत होते. ते दारातच मटकन खाली बसले.

"बाबा," बाळा म्हणाला, "याची आई सापडली. मी शोधली."

"तुमचं काय वो ह्ये?" म्हातारी कडाडली. ती सोनूबाई, करडाची मालकीण. "पोराला तिन्हीसांजचं ह्या वाटंनं सोडलंत? बाप हाव का कोन? आनि माजं करडू बांदायला दिलं कुनी? त्या काशीरामानं मी दळायला गेली ती बगून नेलं. कोन साहेब आलाय म्हनं वाघ मारायला. कुटाय तो साहेब?"

"मीच," भिकाजीपंत म्हणाले.

सोनूबाईने त्यांच्याकडे पाहिलं. फाटकं धोतर, एका पायात वहाण, हातात दांडकं.

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी कसलं साहेब?"

"नाही हो. कारकून आहे साधा. राहुटी आणली ती ऊन दाखवायला. पाटलाला खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

"आनि पोर गेला असता तर?"

भिकाजीपंत सरकत पोराजवळ गेले. ते पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सोनूबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तिचा आवाज जरा उतरला. "काशीराम माजा भाचाच हाय. सकाळी कान धरून सांगते, कुटं बोलू नको म्हनून. माज्या शबुदाबाहेर जायचा नाय. करडू चोरून नेल्याचं मी जल्मभर बोलून दाकवीन, ह्ये त्येला ठाव हाय." मग तिने विचारलं, "मगाशी कोन वरडत हुतं वो? उद्या या, उद्या या?"

"मी."

"कुनाला?"

भिकाजीपंतांनी बाळाकडे पाहिलं. बाळा भाकरी चावायची थांबून ऐकत होता. "कुणाला नाही," ते म्हणाले. "सहज."

म्हातारीने आधी बाळाकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिने कोयता घेतला, झावळ्यांची चूड चुलीत धरून पेटवली आणि म्हणाली, "चला. म्या येते राहुटीपातूर."

परतीची वाट जास्त कठीण होती. मघाशी त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत होतं. कातळाच्या त्या वळणावर त्यांचे पाय थांबायला लागले, पण खाली आनंदीबाई आणि दोन पोरं एकटी होती, म्हणून त्यांनी ते ओढत पुढे नेले. घोंगडी तिथंच पडली होती. ती उचलायला ते वाकले नाहीत.

"बाबा, तुमचा हात ओला का?"

"समुद्राची हवा," भिकाजीपंत म्हणाले.

उंडीखाली पोचले तर राहुटी जमिनीवर सपाट पडली होती. शेजारी चांगला मोठा जाळ पेटला होता. त्याच्यासमोर आनंदीबाई ताठ बसल्या होत्या. एका मांडीवर सदू, दुसऱ्या मांडीवर मालन, आणि हातात एक जळतं लाकूड. बाळा दिसताच त्यांनी ते खाली टाकलं, त्याला ओढून छातीशी धरलं, पाठीत एक धपाटा घातला, आणि पुन्हा धरलं. सोनूबाई जाळाजवळ टेकली आणि कोयता मांडीवर ठेवून केवड्याकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने, मुलं पेंगू लागल्यावर, आनंदीबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला वाटेत काही दिसलं?"

आजवर न पाहिलेल्या वाघांच्या कितीतरी गोष्टी भिकाजीपंतांनी या बाईला सांगितल्या होत्या. आज खराखुरा वाघ त्यांच्या जिभेवर येऊन उभा होता, शेपटी हलवत. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अजून सगळी रात्र इथेच काढायची होती.

"काही नाही," ते म्हणाले. "एक कुत्रं होतं. मी हाकललं त्याला."

"हो," आनंदीबाई जाळाकडे बघत म्हणाल्या. "ते इकडूनच गेलं. राहुटीचा दोर तोडून." त्यांनी मालनच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि तो हात हळूच भिकाजीपंतांच्या हातावर ठेवला. तोही ओला होता. "बरंच मोठं होतं हो. ठिपक्याठिपक्यांचं."